गयाआजीचा बुधवार

परवा आईचा चष्मा दुरुस्तीला द्यायला उस्मानपुऱ्यात गेले होते. दुकानदार म्हणाला, "अर्धा तास लागंल ताई, बसा आत." आत गादीच्या खुर्च्या होत्या, एसी होता. मी म्हटलं, बसते, आणि सरळ बाहेर येऊन पायरीवर बसले. तो काचेतून बघतच राहिला. त्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. आता त्याला कोण सांगणार, की बाबा रे, या पायरीवर तुझ्या आधीपासून आमचा हक्क आहे.

पायरी आता ग्रॅनाइटची आहे. काळी, गुळगुळीत, बसलं की सरकायला होतं. तेव्हा शहाबादी फरशी होती, मधोमध तडकलेली. मागं बंद पडलेला छापखाना होता. उन्हाळ्यात त्याचं गंजकं शटर तापलं की आतून जुन्या शाईचा आणि उंदरांचा मिळून एक वास यायचा. समोर कडुलिंब होता. तो कधी तोडला कुणास ठाऊक, तिथं आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि स्कूटी लावायला पिवळे पट्टे. शहराचं नावही तेव्हा दुसरं होतं, एसटीच्या पाट्यांवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. एवढं सगळं बदललं, आणि मी येडी कोथिंबिरीचा वास येतो का म्हणून श्वास ओढून बघत होते.

त्या पायरीवर गयाआजी राहायची. तिथंच निजायची, तिथंच उठायची. एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, एक पातेलं आणि कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली काठी, एवढा तिचा संसार. ती रस्त्यावर कशी आली ते तिनं कधी सांगितलं नाही. सुरुवातीला आम्ही लई खोदून विचारलं. "जाऊ दे ना माय," म्हणायची आणि पदर झटकायची. पुढं आम्ही विचारायचं सोडलं.

आम्ही म्हणजे मी, प्रज्ञा आणि इम्रान. तिघंही फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. मी कन्नडकडच्या खेड्यातली, प्रज्ञा जालन्याची, आणि आम्ही दोघी उस्मानपुऱ्यात एका खोलीत भाड्यानं राहायचो. इम्रान शहरातलाच, त्याच्या अब्बांची रिक्षा होती. समाजसेवा वगैरे काही आमच्या डोक्यात नव्हतं. एका रविवारी सकाळी आम्ही दोघी चहा प्यायला निघालो होतो, तर पायरीवरून आवाज आला, "ए पोरी, तुझे डोळे चांगले दिसतेत. माझी नखं काढती का? मला दिसंना झालंय." प्रज्ञा माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. खोलीवरून नेलकटर आणलं, मगात कोमट पाणी आणलं, आणि बसलो.

म्हातारपणाची नखं काय चिवट असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, मग एकेक बोट हातात घ्यायचं. आजी डोळे मिटून बसायची. नख तुटल्याचा कट् असा आवाज झाला की मान हलवायची, पसंती दिल्यागत. दोन्ही हातांची झाली तशी बोटं उन्हात धरून, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "लई दिवसांनी कुणी हात धरला." मी मगातलं पाणी कडुलिंबाच्या बुडाला ओतलं.

झालं, तेव्हापासून आमचा रविवार लागला. सकाळी सातला किटली, नेलकटर, खोबरेल तेल आणि पट्ट्या घेऊन आम्ही हजर. नखांचं खातं माझ्याकडं, केसांचं प्रज्ञाकडं आणि चहाचं इम्रानकडं. झाडाखाली आणखी एक म्हातारे गृहस्थ असायचे, हुसेनचाचा. उमेदीत रिक्षांच्या मागं मोर आणि कमळं रंगवायचे म्हणे. नखांना हात लावू द्यायचे नाहीत, पण चहात साखर कमी पडली की आख्ख्या चौकाला ऐकू जायचं. प्रज्ञानं त्यांच्या दवाखान्यातल्या गोळ्यांच्या पुड्यांवर सकाळच्यासाठी सूर्य आणि संध्याकाळच्यासाठी चंद्रकोर काढायची पद्धत पाडली, कारण दोघांनाही वाचता येत नव्हतं. चाचा पुडी डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "ये चांद तो ईद का है. गोली आज खानी की ईद कू?"

ऋतू कसे जायचे तेही त्या पायरीवरच कळायचं. चैत्रात कडुलिंबाचा मोहोर झडून आजीच्या पांढऱ्या केसांत अडकायचा आणि प्रज्ञा तो वेचत बसायची. पावसाळ्यात गोधड्यांना कुबट वास यायचा, आम्ही त्या आमच्या खोलीच्या गच्चीवर नेऊन वाळवायचो आणि घरमालकीण आमच्या नावानं बोटं मोडायची. थंडीत वाळका पालापाचोळा पेटवून शेकायचं, त्याचा कडवट धूर आठवडाभर माझ्या ओढणीला असायचा. ईदला इम्रानच्या अम्मीचा शीरखुर्मा यायचा, बुद्धपौर्णिमेला प्रज्ञाच्या घरची खीर. आजी दोन्ही चाटूनपुसून खायची आणि दोन्हींत वेलदोडा कमी पडला म्हणून सांगायची. असली नखरेल म्हातारी मी पुन्हा पाहिली नाही.

आणि एक वास कायम असायचा. तिच्या गोधडीला, पदराला, हातांना कोथिंबिरीचा, मेथीचा आणि ओल्या पोत्याचा वास. नखं काढताना तो मला दर रविवारी यायचा. कधी नखांत हिरवं अडकलेलं असायचं. कुणी उरलीसुरली भाजी टाकून जात असेल, असं आम्ही धरून चाललो. विचारलं मात्र कधीच नाही.

मग ती गारपीट झाली. फाल्गुन होता, दुपार होती, आभाळ एकाएकी काळंठिक्कर पडलं आणि सुपारीएवढाल्या गारा शटरवर ताडताड आदळायला लागल्या. आम्ही धावत पोचलो तोवर आजी पेटी डोक्यावर धरून बसलेली, कपाळाला खोक पडलेली, सगळी भिजलेली. दुसऱ्या दिवशी तिला सणकून ताप भरला. आता बास, असं आम्ही ठरवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याच्या बाजूला, एका ट्रस्टचा निवारा होता. स्वच्छ, खाटा, दोन वेळचं गरम जेवण. आम्ही जाऊन बघून आलो, बोलून आलो, आणि आम्हाला असं काही भरून आलं होतं म्हणून सांगू. आपण कुणाला तरी छप्पर देतोय, या विचारानं आम्ही तिघं जमिनीपासून दोन बोटं वर चालत होतो.

निवाऱ्याचा फॉर्म मी पायरीवर बसून भरला. नाव, गाव, आजार, गोळ्या. मग नातेवाईक.

"आजी, नातेवाईक कोण कोण?"

"कोणी नाय."

"भाऊ? भाचा? पुतण्या?"

"नाय म्हणलं ना, पोरी."

मी माझ्या वळणदार अक्षरात 'कोणीही नाही' असं लिहिलं आणि त्याच्याखाली रेघही ओढली.

इम्रान रिक्षा घेऊन आला. पेटी चढली, गोधड्या चढल्या. चाचा यायला तयारच नव्हते. "मेरेकू नक्को छत-बित," म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. आम्हाला वाटलं, रुसलेत. जाऊ दे. रिक्षा सुरू झाली तशी आजीनं माझा हात धरला.

"मला बुधवारी हितं आणून सोडताल का?"

"बुधवारी? कामून?"

"काम असतंय मला."

मी हसले. खरंच हसले, आणि ते हसू आजही माझ्या कानात आहे. म्हटलं, "आजी, तुला गं काय काम? आता नुसता आराम करायचा."

"मंग राहू दे," म्हणाली आणि हात काढून घेतला.

पुढचे दोन रविवार आम्ही निवाऱ्यावर गेलो. पांढरीशुभ्र चादर, अंघोळ घातलेली, केस विंचरलेली आजी. आम्ही फोटो काढले, कॉलेजच्या ग्रुपवर टाकले, लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आजी फोटोत कुठंच बघत नव्हती. नखं काढायला हात घेतला तर हाताला फक्त साबणाचा वास. मला तेव्हासुद्धा काही कळलं नाही, इतकी मी हुशार. मग आमच्या परीक्षा आल्या आणि तिसरा रविवार आम्ही चुकवला.

त्यानंतर निवाऱ्यावरच्या ताईंचा प्रज्ञाला फोन आला. ताई बिचाऱ्या फार जीव लावणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "तुमची आजी चार दिवस झाले नुसत्या चहावर आहे. डॉक्टर येऊन गेले, दुखणं काही सापडत नाही. तुम्ही या बाई लवकर."

आम्ही पोचलो तेव्हा ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. गाल आत गेलेले. प्रज्ञानं पेज आणली, मी मऊ भात कालवला, इम्राननं तिच्या आवडीची बालूशाही आणली होती. "भूक नाय," एवढंच. ओरडून झालं, विनवण्या झाल्या. मी तिच्या हाताची नाडी बघितली, लागता लागत नव्हती. ही मरायला बसली आहे, आणि हिला इथं आणून ठेवलंय आपण. पायरीवर वर्षानुवर्षं जगलेली बाई आमच्या खाटेवर महिनाभरही जगणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

चाचांचं ती ऐकेल, त्यांना तरी आणू, म्हणून मी आणि इम्रान उस्मानपुऱ्याला आलो. चाचांनी आम्हाला बघितलं आणि जो तोंडाचा पट्टा सुटला! "आ गए डॉक्टरां! बुढ्ढी कू कहाँ ले के गए? वो भाजीवाली तीन बुध से आ री, इधर बैठ के रो के जा री."

"कोण भाजीवाली?" मी विचारलं.

चाचा माझ्याकडं असे बघायला लागले की जमिनीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. "रुक्मिण. पाचोड की. हर बुध कू आती. बुढ्ढी उसकी पाटी संभालती थी. तुम लोगां कू नै मालूम?"

आम्हाला नव्हतं मालूम. बुधवारी आमचं कॉलेज असायचं. आमची आजी रविवारची होती, बुधवारच्या आजीला आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

"मग तुम्ही मावशींना सांगायचं ना चाचा, आजी कुठं आहे ते!"

"मेरेकू बताए थे क्या?" चाचा म्हणाले. "मैं इत्ता बोला, बुखार था, बच्चे उठा के ले गए. वो समझी, खलास. कल बोली, अब नै आती मैं. किस के वास्ते आऊँ?"

इम्राननं रिक्षा तशीच उलटी फिरवली. निवाऱ्यावर येऊन मी आजीच्या खाटेशी उकिडवी बसले आणि म्हटलं, "आजी, रुक्मिणमावशी पायरीवर येऊन गेल्या. तीनदा."

ती वळली. चार दिवसांत पहिल्यांदा वळली. "तिनं काय केलं गं पाटीचं? कुणापाशी ठेवली?"

आणि मग तिनं सगळं सांगितलं. रुक्मिणची लेक शहरात दिलेली होती. ती वारली. जावयानं दुसरं लग्न केलं आणि रुक्मिणला सांगितलं, पोरीला नवी आई मिळालीय, तुम्ही आता घरी येऊन तिचं मन हलवू नका. नात छापखान्यामागच्या गल्लीतल्या शाळेत होती. म्हणून रुक्मिण दर बुधवारी मळ्यातली भाजी घेऊन पाचोडच्या एसटीनं यायची. भाजी हे निमित्त. दुपारी शाळा सुटायच्या वेळी आजी तिचे केस विंचरून द्यायची, पाटी आपल्याकडं ओढून घ्यायची आणि म्हणायची, जा. रुक्मिण गेटाच्या पलीकडं उभी राहून नात रिक्षात बसेपर्यंत तिला बघायची आणि परत यायची. मग दोघी मिळून भाकरी खायच्या.

"डोक्यावर पाटी घेऊन पोरीपुढं जायचं न्हवतं तिला," आजी म्हणाली. "बाकीची लेकरं हसतील म्हणायची. आता महिनाभरात शाळेला सुटी लागंल. मंग आखाड लागेपर्यंत दिसायची नाय पोर."

"आजी, तू मला हे सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की. काम असतंय म्हणून."

"पण मी विचारलं होतं ना, तुझं कोण आहे म्हणून!"

"तू नातेवाईक विचारलेस बाई. ती कुठं नात्यातली हाय?"

मला माझी ती वळणदार अक्षरातली ओळ आठवली आणि खाली ओढलेली रेघ आठवली. मी म्हटलं, "मी आणते तिला. पण तू आधी दोन घास खा." ती म्हणाली, "तिला आण, मंग बघू." हट्टी तर इतकी.

पाचोडच्या अंगाला कुठलंसं गाव, हनुवटीवर गोंदण, आवाज मोठा. एवढ्या माहितीवर आम्ही तिघं पाचोडच्या आठवडी बाजारात उतरलो. ऊन मी म्हणत होतं. कैऱ्यांचे ढीग, कांद्याची पोती, शेळ्यांचं ओरडणं, तळलेल्या भज्यांचा आणि मिरचीच्या खकाण्याचा वास. इम्रान तर शिंकून शिंकून बेजार. एका मिरचीवाल्याला विचारलं, हनुवटीवर गोंदण असलेली रुक्मिण नावाची भाजीवाली कुठं बसते? तो म्हणाला, "ताई, हितं गोंदलेल्या पन्नास हायेत आणि त्यात धा-बारा तर रुक्मिणीच हायेत. तुमाला कंची पायजे?"

आम्ही एकेक पाल धुंडाळत गेलो. मी मनात नुसतं एकच घोकत होते, सापडू दे, आज सापडू दे. सहावी का सातवी रुक्मिण होती. वांग्यांच्या पलीकडं, पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बुधवारी उस्मानपुऱ्यात जायच्या का? आम्ही गयाआजीकडून..."

एवढंच बोलले, तर तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "गेली का गं माजी बाय!" म्हणून तिनं असा हेल काढला की अख्खी रांग आमच्याकडं वळली. शेजारच्या बाया धावल्या. माझा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकूच जाईना. शेवटी प्रज्ञा तिचे खांदे धरून ओरडली, "मावशी, गेली नाही! जिवंत आहे! जिवंत आहे आजी!"

रुक्मिणमावशी एकदम गप्प झाल्या. पदरानं नाक पुसलं, आम्हा तिघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमीच का ते रविवारचे?"

"हो."

"मंग मेल्यांनो, सांगून न्यायचं न्हवतं का!" आणि हातातली पालकाची जुडी फाडकन इम्रानला फेकून मारली. अजून एक मारली. तो बिचारा हात जोडून उभा. मला इतकं बरं वाटलं त्या माराचं, की विचारू नका. कुणीतरी आम्हाला मारायलाच हवं होतं.

पाटी शेजारणीच्या हवाली करून, भाकरीचं फडकं काखेला मारून मावशी तशाच आमच्याबरोबर एसटीत बसल्या. निवाऱ्याच्या दारात चपला काढल्या, आत गेल्या, आणि खाटेपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मरायचं तर सांगून मरावं, भवाने!"

"मी कुठं मेले? तूच तीन दिसांत मला जाळून मोकळी झालीस."

"तीन दिस? तीन बुधवार, बाई, तीन! त्या पायरीवर कुत्री बसलेली बगून माझ्या काळजाचं काय झालं असंल!"

"मंग लगीच येयाचं बंद करतीस? लई उतावळी तू पहिल्यापास्नं."

दहा मिनिटं दोघी तार सप्तकात भांडल्या. ताई धावत आल्या, काय झालं, काय झालं. आम्ही त्यांना दारातच थांबवलं. मग भांडणाचा आवाज हळूहळू खाली आला आणि कुणाचा तरी हुंदका आला, आणि मग फडकं सोडल्याचा आवाज आला. ज्वारीची भाकरी, ठेचा, हरभऱ्याची वाळली भाजी. रुक्मिणमावशीनं घास मोडून तिच्या तोंडाशी धरला. आजीनं तो घेतला. चावला. गिळला. म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी मागच्या नळापाशी जाऊन ढसाढसा रडले. इम्रान शेजारी येऊन उभा राहिला, केसांत पालकाचं पान अडकलेलं. मी रडता रडता हसायला लागले. वाचली. आमच्या हातून कुणी मेलं नाही. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या नळापाशी कळलं.

आजी त्यानंतर चार वर्षं जगली. निवाऱ्यातच राहिली, खाटेवर झोपली, पांढऱ्या चादरीला नावं ठेवत. पण बुधवार तिचा. इम्रानचे अब्बा तिला सकाळी पायरीवर सोडायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी रुक्मिणमावशी होत्या आणि पायथ्याशी आम्ही. झोपेतच गेली. चाचा त्याच्या आधीच्या थंडीत गेले. मग प्रज्ञाला नाशिकला नोकरी लागली, इम्राननं औषधाचं दुकान टाकलं, माझं लग्न झालं, आणि रविवार नुसता सुटीचा वार उरला. परवा ग्रॅनाइटवर बसल्या बसल्या वाटलं, किती वर्षांत आपण कुणाचा हात दहा मिनिटं धरून बसलेलो नाही. वाईट वाटलं. पण फार वेळ नाही, कारण त्या पायरीवर बसलं की मला हटकून तो एकच दिवस आठवतो.

पाचोडहून आल्यानंतरचा पहिला बुधवार. मी कॉलेज बुडवलं होतं. आजीला पायरीवर सोडून मी कडुलिंबाआड उभी राहिले. मोहोर गळत होता. अकराच्या सुमाराला रुक्मिणमावशी आल्या, डोक्यावरची पाटी उतरली, ओल्या पोत्याखालून मेथी, शेपू, कोथिंबीर असा सगळा वास एकदम रस्ताभर झाला. दुपार होत आली तशी आजीनं त्यांना पुढ्यात बसवलं आणि हातानं चाचपत, भांग पाडून केस विंचरले. पदर नीट केला. पाटी आपल्याकडं ओढली. म्हणाली, "जा."

मावशी गेल्या. आजी ताठ बसली. अशी ताठ बसलेली मी तिला रविवारी कधी पाहिली नव्हती. एक बाई आली, जुड्या चिवडायला लागली. आजीनं काठी आपटली, "हात नको लावू. मालकीण येऊ दे." मला राहवेना. मी पुढं झाले आणि म्हटलं, "आजी, मेथीची एक जुडी दे की."

"थांब," ती म्हणाली. "तिला येऊ दे."

मी थांबले. ती बाई थांबली. मागच्या गल्लीतून शाळेची घंटा ऐकू आली, मग लेकरांचा कलकलाट, मग रिक्षांचे हॉर्न, आणि मग सगळं शांत. आजीची बोटं पाटीच्या कडेवर घट्ट. मीसुद्धा गल्लीच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. पाटी सांभाळायला आजी नव्हती, म्हणून गेल्या महिन्याभरात रुक्मिणमावशींना पोर दिसली नव्हती. आज आली नसेल तर? सुटी लागली असेल तर? आमच्यामुळं मावशींचे तेवढे बुधवार गेले, आणि आजही रिकाम्या हातानं आल्या तर मी कुठं तोंड लपवू?

मावशी आल्या. सावकाश चालत आल्या आणि पायरीवर बसल्या.

"दिसली?" आजीनं विचारलं.

"दिसली."

आजी वाट बघत राहिली.

"उंच झालीय. दोन वेण्या घातल्यात आज. मला बगून हसली, तिच्या मैतरणीला दाखवलं, ती बग माझी आजी म्हणून. मला ऐकू आलं."

"वेण्या कोणी घातल्या?"

"घातल्या असतील त्या नव्या आईनं." मावशींनी पदरानं मानेवरचा घाम पुसला. "पण चांगल्या घातल्यात गं. भांग सरळ हाय. रिबिनी इस्त्री केलेल्या."

"मंग झालं," आजी म्हणाली. लांब श्वास सोडला, पाटीची कड सोडली आणि भाकरीचं फडकं पुढं ओढलं.